गच्चीवर दुर्बीण, खाली माघी गणपती: घरपोच आकाशदर्शनाचा आमचा अनुभव (मानपाडा, ठाणे)

ज्यांना फक्त "मागवू की नको" एवढंच हवंय त्यांना आधीच सांगते, मागवा. पण बुकिंग करताना एक अट लेखी घ्या, ती कुठली ते खाली येईलच, आणि खरं तर त्या अटीसाठीच मी हे एवढं लांबलचक लिहायला बसलेय. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण तक्रार मी त्यांना थेट कळवलीय आणि त्यांनी ऐकूनही घेतलीय. शिवाय अशी सर्व्हिस आता बरेच जण देतात, कुणाकडूनही घेतलीत तरी हे उपयोगी पडेल.

तर सर्व्हिस अशी की ते दुर्बिणी घेऊन तुमच्या सोसायटीत येतात. आमच्याकडे तीन माणसं आली, एक आठ इंची डॉबसोनियन (खाली लाकडी पेटीसारखा स्टँड, वर मोठी जाड नळी, हातानेच फिरवायची), एक छोटी ८० मिलिमीटरची, आणि तारे दाखवायला हिरवा लेझर. तीन तासांचे चौदा हजार, ऐंशी माणसांपर्यंत, ठाण्यातल्या ठाण्यात येण्याजाण्याचे वेगळे पैसे नाहीत. घरटी वर्गणी काढली तर फार वाटत नाही, आमच्याकडे अडीचशे रुपये पडले आणि लहान मुलांचे घेतलेच नाहीत.

तारीख ठरवताना मात्र गंमत झाली. त्यांचं म्हणणं पौर्णिमेच्या आसपास नको, चंद्राच्या उजेडात बाकी काही दिसत नाही. आमचं म्हणणं शनिवार पाहिजे आणि माणसं जमलेली पाहिजेत. म्हणून १ फेब्रुवारी २०२५ ठरली, माघी गणेशजयंती, खाली मंडपात आमचा दीड दिवसाचा गणपती, महाप्रसाद, सगळे घरीच असणार. तारीख ग्रुपवर टाकली आणि दहा मिनिटांत पहिला मेसेज आला, "चतुर्थीला चंद्र दाखवणार? चोरीचा आळ येतो माहितीये ना?" मग दुसरा, मग तिसरा. एका काकांनी तर कॅन्सल करा असंच लिहिलं. त्यात जानेवारीभर ते फॉरवर्ड फिरतच होते, सगळे ग्रह एका रांगेत येणार, काहीतरी अघटित होणार, तेही कुणीतरी परत टाकलं.

मी कमिटीत आहे त्यामुळे हे सगळं माझ्या अंगावर. मी कंपनीतल्या मुलाला फोन केला, म्हटलं असं असं चाललंय, तुम्ही काय कराल? तो म्हणाला, "ताई, ज्यांना चंद्र बघायचा नाही त्यांना आधी गुरू दाखवू, जबरदस्ती कुणालाच नाही. पण गोष्ट मी सांगणार, पूर्ण सांगणार." तिथेच मला तो पटला.

त्या दिवशी ते उशिरा आले. साडेपाचला येणार होते, पावणेसात वाजले, कारण शनिवारचा घोडबंदर रोड, अजून काय सांगायचं. दुर्बीण लावायला, आरसा बाहेरच्या हवेला थंड व्हायला वेळ जातो, सुरू होईपर्यंत सात वीस. हा उशीर नुसता उशीर नव्हता कारण त्या दिवशी पश्चिमेचे ग्रह मावळतीला होते आणि आमच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर, म्हणजे क्षितिजाच्या आधीच डोंगर ग्रह गिळतात. बुकिंग करताना तुमच्या गच्चीच्या पश्चिमेला काय आहे ते त्यांना नक्की सांगा आणि त्यांना तासभर आधीची वेळ द्या. गच्चीवरचे हॅलोजन आम्ही बंद केले, लिफ्टच्या खोलीचा दिवाही काढला, पण पूर्वेला मेट्रोच्या कामाचे फ्लडलाइट आणि समोरच्या टॉवरवरची एलइडी पाटी, त्याला काही करता येत नाही. तरीही दिसलं, आणि जे दिसलं ते मी आयुष्यात विसरणार नाही.

पश्चिमेला खालून वर एका तिरक्या रेषेत शनी, चंद्र आणि शुक्र. चंद्राची बारीक कोर बरोबर दोघांच्या मधे. हात लांब धरला तर चंद्रापासून शुक्र जेमतेम तीन बोटांवर. साठ-सत्तर माणसं गच्चीवर आणि मिनिटभर कुणी बोललंच नाही. चंद्र बघायचा नाही म्हणणारे काकाही वरच बघत होते, कारण इतका सुंदर चंद्र समोर असताना मान खाली घालणं कुणाला जमणार?

मग त्या मुलानं (पोरं त्याला दादाच म्हणत होती, मीही दादाच लिहिते) गोष्ट सांगितली. मोदक खाऊन तुडुंब झालेला गणपती उंदरावरून पडला, चंद्र हसला, गणपतीनं शाप दिला. पुढे श्रीकृष्णाला चतुर्थीचा चंद्र दिसला आणि स्यमंतक मण्याच्या चोरीचा आळ आला, मग सत्राजित, प्रसेन, सिंह, जांबवान, सगळं सगळं सांगितलं, अगदी कीर्तनात सांगतात तसं रंगवून. आणि मग विचारलं की हा शाप नेमका कुठल्या चतुर्थीचा? सगळे गप्प. माझ्या सासूबाई मागे खुर्चीवर बसल्या होत्या, वय अठ्ठ्याहत्तर, त्या तिथूनच म्हणाल्या, "भाद्रपदातली. ही माघातली तिळकुंद चतुर्थी, हिला काही नाही. आणि संकष्टीला तर चंद्र बघितल्याशिवाय आम्ही जेवत नाही, तीही चतुर्थीच की!" टाळ्या पडल्या. कॅन्सल करा म्हणणारे काका उठून आधी रांगेत लागले, हे मी कौतुकानं लिहितेय, कारण सगळ्यांसमोर मत बदलायला मन मोठं लागतं.

दादानं मग त्याच धाग्यानं पुढे नेलं, आणि मला वाटतं ही या सर्व्हिसची सगळ्यात मोठी ताकद आहे. तो म्हणाला संकष्टीला चंद्र रात्री नऊच्या आसपास उगवतो आणि शुक्ल चतुर्थीला नऊच्या आसपास मावळतो, असं का? कारण तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून किती अंश पुढे गेला त्याचं माप, दर बारा अंशांना एक तिथी, तीस तिथ्यांचे तीनशे साठ अंश. शुक्ल चतुर्थी म्हणजे सूर्यापासून छत्तीस ते अठ्ठेचाळीस अंश. त्यानं हाताची मूठ धरून मोजायला लावलं, लांब हाताची मूठ म्हणजे साधारण दहा अंश, सूर्य मावळून जिथवर खाली गेला असेल तिथून पोरांनी चार मुठी मोजल्या आणि, येऊरवाल्या बाजूनं अंदाजच तो, पण चंद्रावर येऊन थांबल्या! म्हणजे आपल्या भिंतीवरचं कालनिर्णय हे आकाशाचं गणित आहे, आणि आम्ही ते फक्त उपास कधी आहे बघायला उघडतो. मी पन्नाशीला आले, आयुष्यभर चतुर्थ्या केल्या, मला तिथी म्हणजे काय हे त्या दिवशी कळलं.

दुर्बिणीतून चंद्र बघताना लक्षात ठेवा, नुसती उजळ कोर बघून बाजूला होऊ नका. उजेड-अंधाराच्या सीमेवरचे खड्डे बघा, तिथे सावल्या लांब पडतात म्हणून ते खोल दिसतात. आणि उरलेला काळा चंद्रही फिकट राखाडी दिसत होता, तो पृथ्वीचा उजेड. म्हणजे सूर्याचा प्रकाश आपल्या समुद्रांवर, ढगांवर पडून चंद्रावर जातो आणि तिथून परत आपल्या डोळ्यात येतो. माझ्या मुलीनं विचारलं की तिकडून बघितलं तर पृथ्वी पौर्णिमेसारखी गोल दिसत असेल का? दादा म्हणाला, जवळजवळ. नववीतली मुलगी, तिचं तिनं काढलेलं.

मग शुक्र. साध्या डोळ्यांनी तो विमानाच्या दिव्यासारखा लखलखत होता आणि दुर्बिणीत बघितलं तर तोही कोर! अर्ध्यापेक्षा कमी, छोट्या चंद्रासारखा. लोकांनी दादाला दोनदा विचारलं की तुम्ही परत चंद्रच लावलाय का. १६१० साली गॅलिलिओनं हेच बघितलं होतं, शुक्राच्या कला. पृथ्वी मधे आणि सगळं तिच्याभोवती फिरतं अशी जी जुनी मांडणी होती तिच्यात शुक्र कायम आपल्या आणि सूर्याच्या मधेच राहतो, मग तो कधीच भरलेला दिसायला नको. पण तो कोरेपासून जवळपास पूर्ण गोलापर्यंत सगळ्या आकारांत दिसतो, म्हणजे तो सूर्याभोवती फिरतो. कोपर्निकसनं १५४३ मध्ये लिहिलं होतं, पण दाखवलं दुर्बिणीनं. पुढे १६३३ मध्ये गॅलिलिओवर खटला भरला, म्हाताऱ्या माणसाला गुडघ्यावर बसवून शब्द मागे घ्यायला लावले, आणि शुक्र तर तसाच फिरत राहिला. हे दादा सांगत होता तेव्हा आमच्या रांगेतलं प्रत्येक माणूस, वॉचमन काकांसकट, स्वतःच्या डोळ्यानं तो पुरावा बघत होतं. चारशे वर्षांपूर्वी ज्यासाठी माणसाला घरात कोंडून ठेवलं ते आम्ही अडीचशे रुपये वर्गणीत बघितलं.

शनीबद्दल आता, कारण इथे लोक नाराज झाले. कंपनीच्या पोस्टरवर शनीचा फोटो म्हणजे मोठी रुंद कडी, रंगीत, अवकाशयानानं काढलेला असणार. प्रत्यक्षात दिसला एक पिवळसर ठिपका आणि त्यातून आरपार गेलेली सुई. कारण २०२५ च्या मार्चमध्ये शनीची कडी आपल्याला एकदम आडवी, कडेनं दिसणार होती, त्यामुळे फेब्रुवारीत ती अगदी बारीक. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात आणि त्यात दोनदा असं होतं, म्हणजे आपल्याला जेमतेम दर पंधरा वर्षांनी. खरं तर ही दुर्मिळ गोष्ट होती, पण पोस्टर बघून आलेल्याला ती फसवणूक वाटते. पोस्टरवर दुर्बिणीतून जसं दिसतं तसाच फोटो टाकायला हवा, हे मी त्यांना सांगितलंय. आणि उशिरामुळे शेवटच्या वीसेक जणांना शनी मिळालाच नाही, सव्वाआठला तो येऊरच्या मागे गेला.

सासूबाईंनी विचारलं कडी परत कधी नीट दिसणार? दादा म्हणाला वर्षभर बारीकच, मग हळूहळू उघडतील, सगळ्यात रुंद २०३२ च्या सुमारास. सासूबाईंनी बोटं मोजली, "म्हणजे मी पंच्याऐंशीची. बघू." आणि मग त्यांनीच विचारलं की साडेसाती ती हीच का? तर हो, हिशोब बघा, साडेएकोणतीस वर्षांत बारा राशी, म्हणजे एका राशीत साधारण अडीच वर्षं, तुमची रास, तिच्या आधीची आणि नंतरची, तीन राशींची साडेसात. शनैश्चर म्हणजे हळूहळू चालणारा. आपल्या पूर्वजांनी दुर्बीण नसताना, नुसत्या डोळ्यांनी, पिढ्यान्‌पिढ्या नोंद ठेवून त्याची चाल मोजली हे केवढं मोठं काम! मोजणी अस्सल आहे. त्या मोजणीवर पुढे भीती कुणी चढवली ते वेगळं.

एका पाच-सहा वर्षांच्या पोरानं "आता राहू-केतू दाखवा" म्हटलं. हसण्यावारी नाही नेलं दादानं. खाली बसून त्याला दोन रिंगा दाखवल्या, एक सूर्याच्या वाटेची, एक चंद्राची, पाच अंशांनी तिरकी, जिथे त्या एकमेकींना छेदतात ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. तिथे काही नाही, नुसती जागा. ती जागाही सरकते, साडेअठरा वर्षांहून थोड्या जास्त काळात एक फेरी पूर्ण करते. आणि अमावस्या-पौर्णिमा त्या जागेजवळ झाली तरच ग्रहण, म्हणून दर महिन्याला ग्रहण होत नाही. राक्षसानं गिळण्याची गोष्टही सांगितली, समुद्रमंथन, अमृत, विष्णूचं चक्र. आणि सांगितलं की आर्यभटानं इ.स. ४९९ मध्ये लिहून ठेवलंय की ग्रहण म्हणजे सावली, चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला. नावेतल्या माणसाला काठावरची झाडं मागे जाताना दिसतात तसे तारे पश्चिमेला जाताना दिसतात, फिरते ती पृथ्वी, हेही त्याचंच. सव्वापंधराशे वर्षं झाली. मला १९९५ चं ग्रहण आठवतं, २४ ऑक्टोबर, दिवाळीतलं, आमच्या चाळीत सकाळी नळाचं पाणीसुद्धा ओतून दिलं होतं आणि बाबांनी एकट्यानं अंगणात पिठाची चाळणी धरून जमिनीवर शंभर छोटे सूर्य पाडले होते, सगळे कोरेसारखे. आई दारातून ओरडत होती आणि मग तीच बाहेर आली बघायला.

मृगाचं तर काय सांगू. साडेनऊला मृग नक्षत्र बरोब्बर डोक्यावर आलं. इथे दादानं आधी विचारलं, कुणाला गोष्ट माहिती आहे? तीन आज्या उठल्या! एकीची हरणाची आणि पारध्याची, शिवरात्रीच्या बेलाच्या झाडावरची. सासूबाईंची संगमेश्वरकडची, चार तारे म्हणजे हरणाचे चार पाय, पोटातले तीन म्हणजे बाण, मागे तो व्याध. दादानं मूळची सांगितली, ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथातली, प्रजापतीनं मर्यादा सोडली, रोहिणीमागे हरणाच्या रूपानं धावला आणि रुद्रानं बाण मारला. खूप मुलं होती तरी नीट, जपून सांगितली. ग्रीकांनी त्याच ताऱ्यांत शिकारी बघितला, आपला बाण तो त्यांच्या शिकाऱ्याचा कंबरपट्टा. तारे तेच. लोकमान्य टिळकांनी याच गोष्टीवरून वेदांचा काळ काढायचा प्रयत्न केला होता, १८९३ चं त्यांचं ओरायन हे पुस्तक, वसंतसंपात (मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा सूर्य ताऱ्यांमध्ये जिथे असतो ती जागा) पूर्वी मृगात होता आणि तो साधारण सव्वीस हजार वर्षांत एक चक्कर मारतो हे धरून. तो काळ सगळ्यांना मान्य झाला नाही, पण विचार करा, पुराणकथेतून तारीख काढायची आणि त्यासाठी गणित मांडायचं, आणि ते करणारा माणूस पेपर चालवतोय, राजकारण करतोय.

सासूबाईंनी मग एक प्रश्न विचारला जो मला आयुष्यात पडला नव्हता. मृग जूनमध्ये लागतो, पेरण्या करतात, मग जूनमध्ये हा दिसत का नाही? तर मृग लागला म्हणजे सूर्य मृगात गेला, म्हणून मृग दिवसा सूर्याबरोबर असतो. मृग लागतो तेव्हा मृग दिसत नाही! त्या मान हलवत बसल्या, म्हणाल्या आमच्या वडलांना हे माहीत असेल, विचारायचं राहिलं.

दूरचं म्हणाल तर रोहिणीचा तांबूस तारा दाखवला, गुरू अगदी शेजारीच होता त्यामुळे सापडायला सोपा. रोहिणी साधारण ६५ प्रकाशवर्षं, म्हणजे त्या रात्री आमच्या डोळ्यात शिरलेला उजेड तिथून निघाला तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतं झालं होतं. मृगातला तेजोमेघ (चमकणाऱ्या वायूचा ढग) तेराशे-साडेतेराशे प्रकाशवर्षं, चालुक्यांच्या काळातला उजेड. तो रंगीत वगैरे दिसत नाही, धुरकट राखाडी पुसल्यासारखा दिसतो, आणि ठाण्याच्या आकाशात तेवढंच दिसणार. गुरूचे पट्टे दोन स्पष्ट, बाजूला एका रेषेत चंद्र टिपक्यांसारखे. लेझरचं एक आवडलं, विमान येताना दिसलं की तो लगेच बंद करायचा आणि मुलांनाही का ते सांगायचा. छोटी दुर्बीण मात्र हलत होती, कुणी पाय आपटला तरी ग्रह नाचायचा, आठ इंचीच्याच रांगेत उभे राहा. म्हाताऱ्या माणसांना शिडीवर चढावं लागत नाही पण मान वाकवावी लागते, पाठीला आधार असलेलं स्टूल तुमचं तुम्ही ठेवा.

आता मंगळ. आणि मग ती तक्रार, कारण दोन्ही जोडलेलं आहे.

माझी मामेबहीण, मोठी, कल्याणला असते, मी तिला मुद्दाम बोलावलं होतं. तिच्या पत्रिकेत मंगळ. तेविसाव्या वर्षापासून स्थळं यायची, पत्रिका जायची, पत्रिका परत यायची. एका घरात मुलगा-मुलगी दोघांना पसंत होतं, साखरपुड्याची तारीख धरली होती आणि कुणीतरी म्हणालं मंगळ कडक आहे, सासऱ्याच्या जिवाला. संपलं. मामीनं शांत केल्या, झाडाशी लग्न लावायचं म्हणत होते तेव्हा मात्र ती रडून घराबाहेर गेली होती. सहा वर्षं. तिनं नोकरी केली, भावांची शिक्षणं काढली, पुढे लग्नही झालं, चांगलं झालं, पण ती सहा वर्षं कुणी परत दिली? मंगळ त्या रात्री पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ होता, नारिंगी. साधारण दहा कोटी किलोमीटरवर. दुर्बिणीत एक छोटीशी तांबडी चकती, मटाराच्या दाण्यापेक्षाही लहान. ताई खूप वेळ बघत राहिली, मागे रांग लागली होती, कुणी काही बोललं नाही. मग मागे झाली आणि म्हणाली, "एवढासा आहे गं." बस्स. दादानं, त्याला काही माहीत नसताना, त्याच वेळी पोरांना सांगितलं की पृथ्वीच्या निम्म्या आकाराचा दगडाधोंड्यांचा ग्रह आहे आणि २४ सप्टेंबर २०१४ ला आपलं मंगळयान त्याच्याभोवती फिरायला लागलं, पहिल्याच प्रयत्नात. ताई ते ऐकत होती.

आणि तिला घेऊन मी लिफ्टनं खाली आले तर लॉबीत याच कंपनीचं टेबल! लॅपटॉप, प्रिंटर, पाटी, "आज पाहिलेले ग्रह तुमच्या पत्रिकेत काय सांगतात? स्पेशल ऑफर ३५१ रुपये, मंगळदोष तपासणी मोफत". त्याच कंपनीचा तिसरा माणूस. आम्हाला कुणाला सांगितलं नव्हतं, कोटेशनमध्ये नव्हतं. पाच-सहा जण उभे होते. त्यात एक लग्नाच्या वयाची मुलगी आणि तिची आई.

मला इतका राग आयुष्यात क्वचित आला असेल. मी ते टेबल बंद करायला लावलं. मालकाला फोन केला, तो म्हणाला मॅडम लोक मागतात, आणि ज्योतिष पण ग्रहांचंच आहे ना, परंपरा आहे. मी त्याला जे सांगितलं ते इथे लिहिते कारण तुम्हालाही असंच उत्तर मिळू शकतं.

वरती तुमच्या मुलानं प्रत्येक गोष्ट गोष्ट म्हणून सांगितली आणि प्रत्येक मोजणी मुठीनं मोजून घ्यायला लावली. कुणाची श्रद्धा दुखावली नाही, आमच्या आज्यांना बोलतं केलं. आणि खाली तुम्ही त्याच ग्रहांच्या नावावर भीती विकताय, आणि वर बघून आलेल्या माणसाला वाटणार की दुर्बीणवाल्यांचंच आहे म्हणजे हेही तपासलेलंच असणार. तपासलंय ना, डॉ. जयंत नारळीकरांनी तपासलं होतं, आपल्या महाराष्ट्रातच, नरेंद्र दाभोलकरही त्यात होते. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या, प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पाठवल्या, कुठली कुणाची ते ओळखा. सत्तावीस जणांनी उत्तरं दिली, सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर पन्नास आली असती. ज्या लॉबीत टेबल होतं तिथेच भिंतीवर माझ्या मुलीचा २६ जानेवारीचा चार्ट होता, मूलभूत कर्तव्यं, त्यात वैज्ञानिक दृष्टिकोनाचंही कर्तव्य, १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं आलेलं. ते वाचून दाखवलं त्याला फोनवर.

मालक आधी गप्प झाला, मग म्हणाला ज्यांनी पैसे दिलेत त्यांचे परत करतो. केले, दोन घरांचे होते. दोन दिवसांनी स्वतःहून फोन आला की सोसायटीनं मागितल्याशिवाय आता टेबल लावणार नाही. मी म्हटलं मागितलं तरी लावू नका, त्यावर तो काही बोलला नाही. दादाला मी नंतर विचारलं तर त्याचा चेहराच सांगत होता, त्याला ते टेबल कधीच पटलेलं नव्हतं, पण नोकरी आहे. मी त्याला म्हटलं तू तुझा स्वतःचा ग्रुप काढ, पहिलं बुकिंग आमचं.

म्हणून ती अट: "पत्रिका, रत्न, दोषनिवारण असा कुठलाही स्टॉल किंवा जाहिरात सोसायटीच्या आवारात चालणार नाही", असं कोटेशनवर लिहून सही घ्या. तुमच्या सोसायटीत कुणाला पत्रिका बघायची असेल तर तो त्याचा प्रश्न, बाहेर जाऊन बघेल, पण मुलं पहिल्यांदा आकाश बघतात त्या रात्री नको.

स्टार द्यायचे तर गच्चीवरच्या तीन तासांना पाच, दादाला सहा असते तर सहा, उशीर आणि पोस्टरचा एक कमी, लॉबीतल्या टेबलाला शून्य. मिळून किती ते तुम्ही ठरवा. महिना डिसेंबर ते फेब्रुवारीच घ्या, पावसाळ्यात पैसे वाया आणि मार्चनंतर धुरकट असतं. अमावस्येनंतरचा तिसरा-चौथा दिवस सगळ्यात छान, चंद्रही मिळतो आणि नऊनंतर अंधारही. चहा गच्चीवर नेऊ नका, वाफ नळीसमोर गेली की चित्र थरथरतं. आणि आज्यांना पुढच्या रांगेत बसवा, माइक त्यांच्याकडेही द्यायला सांगा.

ताईनं परवा फोन केला होता, तिच्या कल्याणच्या सोसायटीसाठी दादाचा नंबर मागायला.